मार खाऊन नावारूपाला

झ्युरिकमध्ये २० जुलै २००६ रोजी फिफाच्या शिस्तपालन समितीने एक निकाल दिला. ज्याने डोकं मारलं, त्याला तीन सामन्यांची बंदी आणि साडेसात हजार स्विस फ्रँक दंड. ज्याला डोकं मारलं, त्याला दोन सामन्यांची बंदी आणि पाच हजार फ्रँक दंड. मारणारा निवृत्त होऊन मोकळा झाला होता, त्यामुळे त्याची बंदी कागदावरच राहिली आणि तिच्याऐवजी त्याने समाजसेवा करायचं कबूल केलं. मार खाणाऱ्याला मात्र दोन सामने खरोखरच बाहेर बसावं लागलं. त्यातला एक नेमका फ्रान्सविरुद्धचा होता आणि तो इटली हरली. म्हणजे अख्ख्या जगाच्या देखत मार खाल्ला, वर त्याचे पैसेही आपणच भरले. एवढं करून २००६ च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोन्याचा चेंडू कोणाला? तर डोकं मारणाऱ्याला! मार्को मातेराझी या माणसाची लोकप्रियता समजून घ्यायची तर आधी हा हिशेब नजरेखालून घालावा लागतो.

इटलीत बचावपटू म्हणजे काही दुय्यम जात नाही. इतर देशांत पोरं गोल मारण्याची स्वप्नं पाहतात. इटलीत गोल होऊ न देणाऱ्यालाही ओवाळतात. फ्रँको बारेसी निवृत्त झाला तेव्हा एसी मिलानने त्याच्याबरोबर त्याची ६ नंबरची जर्सीही निवृत्त केली. पाओलो माल्दिनी त्याच क्लबकडून ९०२ सामने खेळला आणि एवढ्या काळात त्याचा केसही विस्कटला नसावा असं फोटोंवरून वाटतं. फाबिओ कान्नावारोला २००६ चा बालों द'ऑर मिळाला. हा किताब एरवी गोल मारणाऱ्यांच्या घरची मिरास. अलेस्सांद्रो नेस्टा चेंडू असा अलगद काढून घ्यायचा, की समोरचा गडी चार पावलं पुढे गेल्यावर चेंडू शोधायला लागायचा. ही सगळी इस्त्रीची माणसं. त्यांच्या शेजारी हा मातेराझी: सहा फूट चार इंच उंची, अंगभर गोंदण, आणि तोंडाला कुलूप नाही. पण फुटबॉलचा गंध नसलेल्या कोणालाही इटलीचा एखादा बचावपटू विचारला, तर माल्दिनीचं नाव आठवायला वेळ लागतो. "तो नाही का, झिदानने ज्याला ढुशी दिली?" हे मात्र चटकन येतं.

मातेराझीचा जन्म १९७३ चा, लेच्चे गावचा. वडील जुझेप्पे मातेराझी स्वतः खेळाडू, पुढे इटलीतल्या बऱ्याच क्लबांचे प्रशिक्षक. घरातच विद्यापीठ असूनही पोराला थेट पदवी मिळाली नाही. मार्साला, त्रापानी, कार्पी अशी खालच्या विभागांतली गावं फिरत तो वर चढला. मध्ये इंग्लंडमध्ये एव्हर्टनला एक हंगाम काढला. तिथे गोलांपेक्षा रेड कार्डांचीच चर्चा जास्त झाली. मग तो परतला पेरुजाला, आणि तिथे २०००-०१ च्या हंगामात या गड्याने सेरी आमध्ये बारा गोल केले. एका हंगामात एखाद्या बचावपटूने केलेल्या गोलांचा हा विक्रम. आधीचा विक्रम अर्जेंटिनाच्या दानिएल पासारेलाच्या नावावर होता. हे सांगायचं अशासाठी, की मातेराझी म्हणजे नुसता आडदांड माणूस, हा समज बरोबर नाही. आडदांड तो होताच. पण त्याच्या हेडरला दिशा होती, डाव्या पायाला अक्कल होती, आणि पेनल्टी मारायला तो कधी लाजला नाही.

लाजला असता तर काही वेळा बरं झालं असतं. २००७ च्या एप्रिलमध्ये सिएनाच्या मैदानावर दोन गोल मारून त्याने इंटर मिलानला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा सिएनाच समोर, पुन्हा विजेतेपद एका विजयावर आलेलं, सामना २-२ असा बरोबरीत, आणि इंटरला पेनल्टी मिळाली. ती मारायला हुलिओ क्रूझ सज्ज होता. मातेराझीने चेंडू स्वतःकडे घेतला, मारला आणि गोलकीपरने तो अडवला. विजेतेपद आठवडाभर लांबलं आणि शेवटच्या दिवशी पार्माला भर पावसात इब्राहिमोविचला जाऊन दोन गोल मारावे लागले. गोल करून देव झाला त्याच संघासमोर वर्षभराने त्याने स्वतःचं हसं करून घेतलं. एकाच माणसाला दोन्ही जमतं तेव्हा प्रेक्षकांचा जीव त्याच्यात अडकतो.

त्याच्या तोंडाचंही असंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण हातही फार मागे नव्हता. २००४ च्या फेब्रुवारीत इंटर आणि सिएना यांचा सामना होता. मातेराझी त्या सामन्यात खेळतही नव्हता. तरी मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्यात त्याने सिएनाच्या ब्रुनो चिरिल्लोला ठोसा लगावला. फुटका ओठ घेऊन चिरिल्लो कॅमेऱ्यासमोर आला आणि मातेराझीवर दोन महिन्यांची बंदी आली. न खेळलेल्या सामन्यासाठी दोन महिने बाहेर बसणं हा पराक्रम इटलीतही विरळा. वाचकांनी हे चिरिल्लो नाव लक्षात ठेवावं. पुढे पुण्यात त्याची गाठ पडणार आहे.

आता एक छायाचित्र. १२ एप्रिल २००५, सान सिरो, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, मिलान विरुद्ध इंटर. इंटर हरायला लागल्यावर त्यांच्याच पाठीराख्यांनी मैदानात पेटत्या फ्लेअर फेकायला सुरुवात केली. एक मिलानचा गोलकीपर दिदा याच्या खांद्यावर येऊन पडली. रेफ्रीने खेळ थांबवला. गोलच्या बाजूने लाल धूर उठतोय, आणि त्या धुराकडे बघत मातेराझी उभा आहे. त्याने कोपर टेकवलंय ते शेजारच्या खांद्यावर. आणि तो खांदा आहे प्रतिस्पर्धी मिलानच्या रुई कोस्ताचा. दोघंही शांत. सामना पुन्हा सुरू झाला, लगेच पुन्हा बंद पडला, निकाल मिलानच्या बाजूने गेला. स्तेफानो रेल्लांदिनी या छायाचित्रकाराने टिपलेलं ते चित्र आजही पोस्टरवर दिसतं. शत्रूच्या खांद्यावर इतक्या निवांतपणे कोपर टेकवणारा हा माणूस वर्षभरापूर्वी बोगद्यात ठोसा मारत होता, हे चित्रात कुठेही दिसत नाही.

विश्वचषकाच्या संघात मातेराझीची नेमणूक सरळ होती: नेस्टा दुखावला की आत जायचं. २००२ मध्ये क्रोएशियाविरुद्ध नेस्टा दुखावला, मातेराझी आत गेला आणि इटली १-२ हरली. त्या सामन्याच्या अगदी शेवटी त्याने लांबून मारलेला चेंडू कोणालाही न लागता थेट जाळ्यात गेला, पण पुढे इंझागीने कोणाची तरी जर्सी ओढली म्हणून गोल नाकारला गेला. २००६ ला चेक प्रजासत्ताकाविरुद्ध सतराव्या मिनिटाला नेस्टा पुन्हा दुखावला. मातेराझी आत गेला आणि नऊ मिनिटांत हेडरने गोल करून मोकळा झाला. पुढच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध रेड कार्ड घेऊन बाहेर. युक्रेनविरुद्ध बंदीमुळे घरी. उपान्त्य सामन्यात परत आत. एवढी ये-जा करूनही त्या स्पर्धेत लुका टोनीइतकेच, म्हणजे दोन गोल त्याच्या नावावर लागले, आणि इटलीकडून त्याहून जास्त गोल कोणीच केले नाहीत.

बर्लिनमधला ९ जुलैचा अंतिम सामना बहुतेकांना ११०व्या मिनिटापासून आठवतो. पण मातेराझीने काम सातव्याच मिनिटाला सुरू केलं होतं. त्याने मालुदाला पाडलं असं रेफ्रीला वाटलं, फ्रान्सला पेनल्टी मिळाली, आणि झिनेदिन झिदानने चेंडू असा काही अलगद उचलला की तो आडव्या खांबाच्या खालच्या बाजूला लागून रेषेच्या आत पडला. बारा मिनिटांनी पिर्लोच्या कॉर्नरवर मातेराझीने हेडरने बरोबरी साधली. त्या रात्री दोन्ही संघांकडून मिळून झालेले गोल दोनच, एक झिदानचा आणि एक मातेराझीचा. पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने आपली पेनल्टीही नीट मारली. त्या सामन्याच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक पानावर त्याची सही आहे. आणि जगाने लक्षात काय ठेवलं? छाती!

तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण लोक तो पाहतात आणि निम्माच पाहतात. इटलीच्या गोलजवळचा हल्ला संपला, चेंडू दुसरीकडे गेला. मातेराझीने झिदानला मागून कवेत धरून ठेवलं होतं, ते सोडलं. झिदान वळून हसत काहीतरी म्हणाला, सारांश असा की जर्सी एवढीच आवडली असेल तर सामना संपल्यावर देतो. मातेराझीने उत्तर दिलं. झिदान दहा पावलं पुढे गेला होता. तो थांबला, मागे आला आणि बोकडाने घ्यावी तशी मान खाली घेऊन त्याने डोकं मातेराझीच्या छातीवर आणलं. मुख्य रेफ्री होरासिओ एलिसोन्दोने यातलं काही पाहिलंच नव्हतं, कारण चेंडू तिकडे होता आणि रेफ्रीने चेंडूकडे बघायचं असतं. चौथ्या अधिकाऱ्याने कानातल्या यंत्रावरून सांगितलं आणि लाल कार्ड निघालं. जगातला सर्वांत मोठा खेळाडू आपल्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यातून विश्वचषकाच्या शेजारून मान खाली घालून आत गेला. भारतात तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते. मडगावपासून कोलकात्यापर्यंत जे जागे होते त्यांची झोप उडाली ती उडालीच.

मग सुरू झाला तर्कांचा बाजार. मातेराझी म्हणाला तरी काय? ब्रिटिश वृत्तपत्रांनी ओठ वाचणारे तज्ज्ञ बसवले. प्रत्येक तज्ज्ञाला वेगळं ऐकू आलं, किंबहुना वेगळं दिसलं. कोणी म्हणालं आईला शिवी दिली, कोणी म्हणालं दहशतवादी म्हटलं. मातेराझीने दोन्ही नाकारलं. किशोरवयातच आई गेलेला माणूस दुसऱ्याच्या आईबद्दल बोलणार नाही, हे त्याचं पहिलं उत्तर. दुसरं असं, की आपण फारसे शिकलेसवरलेले नाही, तेव्हा असले दहशतवादी काय असतात ते आपल्याला ठाऊकही नाही. आयुष्यभर बचाव करणाऱ्या माणसाने अज्ञानाचा केलेला हा बचाव भेदायला कोणी पुढे आलं नाही. काही वृत्तपत्रांनी पुढे माफी मागून नुकसानभरपाईही दिली.

खरं काय ते त्याने २००७ मध्ये सांगितलं. जर्सीपेक्षा तुझी बहीण चालेल, असा मजकूर, आणि बहिणीसाठी वापरलेला शब्द इथे छापण्यासारखा नाही. इटलीतल्या मैदानांवर असलं रोजच ऐकू येतं, असं त्याचे कैवारी म्हणतात. येत असेल. म्हणून ते चांगलं ठरत नाही. पण मधल्या वर्षभरात त्याने जे केलं ते मात्र दाद देण्यासारखं. त्याने पुस्तक काढलं. पुस्तकाचं नाव साधारण असं: मी झिदानला खरोखर काय म्हणालो. आत २४९ शक्यता, एकाहून एक अचाट, आणि विक्रीचे पैसे युनिसेफला. खरं उत्तर सोडून सगळं काही देणारं हे पुस्तक खपलंही.

तोवर फ्रान्समध्ये या ढुशीवर गाणं आलं, 'कू द बूल' नावाचं. घाईघाईत केलेलं, तद्दन गमतीचं, आणि ते चक्क देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. विश्वचषक हरलेल्या देशाने आपल्या हरण्याच्या कारणावर ठेका धरावा, ही फ्रेंच रसिकता आपल्याकडे यायला अजून वेळ आहे. आपल्याकडे संघ हरला की खेळाडूंच्या घरावर दगड जातात.

गाणं झालं, मग शिल्प. अदेल अब्देस्समेद या कलावंताने २०१२ मध्ये सुमारे पाच मीटर उंचीचं ब्राँझचं शिल्प केलं: झिदानचं डोकं, मातेराझीची छाती, आणि मागे कलणारा तो देह. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राबाहेर ते उभं राहिलं. पुतळे सहसा जिंकलेल्यांचे असतात, घोड्यावर बसलेले. मार खातानाचा पुतळा हयातीत बघायला मिळणारे लोक फार थोडे. मातेराझीने काय करावं? त्याने त्या शिल्पासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. पुढे कतारने ते विकत घेऊन २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये दोहाच्या समुद्रकिनारी बसवलं. तिथे मूर्तिपूजेवरून आणि मुलांवर होणाऱ्या परिणामांवरून ओरड झाली आणि महिन्याच्या आत ते हलवावं लागलं. २०२२ चा विश्वचषक तोंडावर आल्यावर ते पुन्हा मांडायचं जाहीर झालं. मैदानातून त्या रात्री एकदा बाहेर काढलेला झिदान दोहात पुन्हा एकदा बाहेर काढला गेला. मातेराझीला दोन्ही वेळा कोणी बाहेर जा म्हणालं नव्हतं, पण दुसऱ्या वेळी डोकं छातीला चिकटलेलं असल्यामुळे त्यालाही जावं लागलं.

इथे या माणसाच्या लोकप्रियतेचं गणित सुटतं. त्याला रागवायचे सगळे अधिकार होते. तो विश्वविजेता होता, त्या सामन्यातला गोल त्याचा होता, आणि जग त्याला विदूषक करत होतं. त्याने विदूषकाचा पोशाख स्वतःच घातला आणि तिकीटखिडकीवरही स्वतःच बसला. त्यामुळे हसणाऱ्यांची पंचाईत झाली. जो आधीच हसतोय त्याची थट्टा कशी करणार?

इंटरच्या माणसांना तर त्याच्याबद्दल थट्टेपलीकडचं काही वाटतं. दहा वर्षांत त्यांनी त्याला दोनदा रडताना पाहिलं आहे. पहिल्यांदा ५ मे २००२ ला, शेवटच्या दिवशी लाझिओकडून २-४ हरून विजेतेपद घालवलं तेव्हा. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या पेरुजाने युव्हेंटसला हरवल्यामुळे हेच लाझिओ विजेते झाले होते, आणि त्याची आठवण त्याने लाझिओच्या खेळाडूंना मैदानातच रडत रडत करून दिली होती. उपकार फेडा म्हणून. त्यांनी फेडले नाहीत. दुसऱ्यांदा २२ मे २०१० च्या रात्री, माद्रिदमध्ये. इंटरने बायर्नला २-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली होती. सामना संपता संपता प्रशिक्षक मोरिन्होने मिलितोला बाहेर घेऊन मातेराझीला आत सोडलं, केवळ तोही तिथे असावा म्हणून. नंतर स्टेडियमबाहेर मोरिन्हो गाडीतून निघाला. तो रेआल माद्रिदला जाणार हे उघड होतं. मातेराझी भिंतीला टेकून उभा होता. गाडी थांबली, मोरिन्हो उतरला आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हमसून रडले. मग मोरिन्हो गाडीत बसला आणि गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिलानमधल्या एका हॉटेलच्या वाहनतळावर झिदानशी हात मिळवल्याचंही मातेराझीने सांगितलं. झिदान त्याआधी काही महिने म्हणाला होता, माफी मागण्यापेक्षा मरण बरं. वाहनतळांनी या माणसाला बरंच दिलं आहे.

उलट माल्दिनीकडे बघावं. ९०२ सामने, एकाच क्लबवर निष्ठा, डाग नाही. मे २००९ मध्ये सान सिरोवरच्या त्याच्या निरोपाच्या सामन्यात मिलानच्याच कट्टर पाठीराख्यांतल्या एका गटाने शिट्ट्या मारून आणि फलक लावून त्याला हिणवलं. संताला शिट्ट्या, पाप्याला मिठ्या. फुटबॉलचा न्याय झ्युरिकच्या समितीपेक्षाही अजब आहे.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि बर्लिनचा तो सामना जणू भारतात नव्याने वाटून टाकला गेला. पेनल्टी मारणारा देल पिएरो दिल्लीत. शूटआउटमध्ये चेंडू खांबावर मारणारा एकमेव दुर्दैवी फ्रेंच, दाविद त्रेझेगे, पुण्यात. एफसी पुणे सिटीच्या त्याच संघात तो ब्रुनो चिरिल्लोही होता, ओठ भरून आलेला. बालेवाडीच्या स्टेडियमवर पुणेकरांनी या दोघांनाही पाहिलं आणि पुणेकरांच्या रिवाजानुसार फार भारावल्याचं दाखवलं नाही. मातेराझी स्वतः चेन्नईयिनचा प्रशिक्षक झाला, एकेचाळिसाव्या वर्षी खेळलासुद्धा, आणि हंगामाच्या अखेरीस त्याने संघात कोणाला आणलं? नेस्टाला. ज्याच्या दुखापतीवर आपली विश्वचषकाची कारकीर्द उभी राहिली, त्याला आता हा संघात घेणार की बाकावर बसवणार, ते ठरवणार होता.

पुढचा हंगाम जास्त नाट्यमय. २०१५ मध्ये चेन्नईयिन एका टप्प्यावर तक्त्यात तळाला होते. मग साखळीतले शेवटचे चारही सामने जिंकून ते उपान्त्य फेरीत गेले. चेन्नईत महापूर आलेला, म्हणून त्यांचा घरचा सामना बालेवाडीला हलवला. तिथे त्यांनी कोलकात्याला ३-० हरवलं. अंतिम सामना २० डिसेंबरला मडगावच्या फातोर्ड्यावर, एफसी गोवाविरुद्ध, समोर प्रशिक्षक साक्षात झिको. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने गोवा २-१ पुढे गेलं आणि फातोर्डा नाचायला लागलं. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या हातून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा मारला. ३-२. गोव्यातल्या माणसाला मातेराझी आठवतो तो या रात्रीचा. झिदानची ढुशी त्याला त्यापुढे किरकोळ वाटते. २०१७ मध्ये मातेराझी चेन्नई सोडून गेला.

ज्यांना तो अजूनही फक्त छातीपुरताच ठाऊक आहे, त्यांनी बर्लिनच्या त्या सामन्याचं एकोणिसावं मिनिट एकदा काढून बघावं. उजवीकडून पिर्लोचा कॉर्नर येतो, मातेराझीला रोखायला पात्रिक विएरासारखा ताडमाड गडी शेजारी आहे, दोघं एकाच वेळी उडी मारतात आणि मातेराझी त्याच्याही वर जातो. त्या सामन्यात डोक्याचा सर्वांत चांगला उपयोग त्याने केला.